कुरणात भरली शाळा

शाळा आहे, शिक्षक आहे, फी नाही. तरीही मूल शाळेत येत नाही. गरीब देशांना आजही सतावणाऱ्या या कोड्याचे एक उत्तर ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर शोधले. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्या उत्तराचे सार होते.

१८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाचा वारसा असलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या. बालशिक्षणाच्या प्रसारासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार उभारले. मात्र मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधने शहरातील सुस्थित घरांपलीकडे पोहोचत नव्हती. ज्यांना शिक्षणाची सर्वाधिक गरज, तेच त्याला पारखे होते.

ही खंत त्यांना १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला घेऊन गेली. अनुताई वाघ यांची साथ त्यांना तेथेच लाभली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील साधने झाली. वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी ही कल्पना अशी आकाराला आली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, हा तेथे शिक्षणाचाच भाग होता.

कोसबाडच्या टेकडीवर अडचण आणखी बिकट होती. वारली कुटुंबातील मुलगा गुरे राखी, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळी. त्यांचे श्रम हा घराचा आधार होता. तो काढून घेणारी शाळा पालकांना परवडणारी नव्हती. म्हणून गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच रानात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. तान्हे पाळणाघरात ठेवले की थोरल्या बहिणीला वर्गात बसणे शक्य होई.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोहोचले; परंतु गैरहजर मुलाला दोष देण्यापूर्वी त्याच्या घरची दिनचर्या पाहावी, हा त्यांचा धडा प्रत्येक शाळेला नव्यानेच गिरवावा लागतो.