नळीवरचे नाव आणि आतली बुद्धी

यंत्र विकत घेणारा मनुष्य यंत्रापेक्षा नावच अधिक विकत घेतो, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा लिहिलेले नसते. परंतु शिवणयंत्रापासून स्कूटरपर्यंत कोणतीही वस्तू घेताना ज्याने त्याने ते अनुभवलेले असते. यंत्राच्या अंतरंगाची पारख सर्वांनाच असते असे नाही. म्हणून कारखानदाराचे नाव हाच गिऱ्हाइकाला एकमेव आधार वाटतो. हा आधार कितपत भक्कम असतो, आणि ज्याच्या बुद्धीवर ते नाव मोठे झाले त्याच्या पदरात काय पडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या आयुष्यात सापडावीत असा योग विरळाच. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रसंशोधकाचे आयुष्य मात्र तसे आहे. १९२६ साली तो निवर्तला. सुमारे शतकभराचा काळ लोटल्यावर त्याच्याकडे पाहिले, तर बंदुकांशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा वाचकांनाही त्यातून काही घेण्याजोगे आहे.

२३ जानेवारी १८५५ रोजी युटा प्रांतातील ऑग्डेन या गावी ब्राउनिंगचा जन्म झाला. त्याचा बाप जोनाथन हा मॉर्मन पंथाचा अनुयायी. पंथाच्या इतर लोकांबरोबर तो पश्चिमेकडे स्थलांतर करून तेथे स्थिरावला होता. बंदुका घडविणे आणि दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. तीन बायका आणि बावीस मुले असा त्याचा विस्तीर्ण संसार होता. या संसारात जॉनला शालेय शिक्षण बेताचेच मिळाले. खरे शिक्षण झाले ते बापाच्या कारखान्यातील मोडक्या बंदुकांच्या ढिगाऱ्यात. दुरुस्तीला येणारी प्रत्येक बंदूक त्याला कोणत्या ना कोणत्या कारखानदाराची चूक दाखवीत असे. कोणता भाग आधी झिजतो, कोठे धूळ अडकते, कोणता खटका थंडीत अडतो, हे त्याला लहानपणीच कळून चुकले. १८७९ साली त्याला पहिले पेटंट मिळाले, ते एका वेळी एकच काडतूस भरण्याच्या साध्या रायफलीचे. त्याच वर्षी बाप वारला आणि भावंडांनी मिळून ऑग्डेनमध्येच छोटासा कारखाना थाटला.

या आडगावच्या कारखान्यातील एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली. विंचेस्टर हे तेव्हा अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित नाव होते. १८८३ साली कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी, टी. जी. बेनेट, खुद्द ऑग्डेनला आले आणि आठ हजार डॉलर मोजून त्यांनी त्या रायफलीचे हक्क विकत घेतले. तेथून पुढे जवळजवळ वीस वर्षे ब्राउनिंग नवनवी शस्त्रे कल्पीत राहिला आणि विंचेस्टर ती घेत राहिली. १८८६, १८९२ आणि १८९४ च्या तरफेच्या रायफली आणि १८९७ ची छऱ्यांची बंदूक ही सारी त्याचीच निर्मिती होय. त्यांपैकी १८९४ ची रायफल पुढे सत्तर लाखांहून अधिक खपली. परंतु त्या नळ्यांवर नाव होते ते विंचेस्टरचे. ज्याने ते यंत्र कल्पिले त्याचे नाव बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हते.

या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. या काळात विंचेस्टरने त्याचे सुमारे चाळीस आराखडे विकत घेतले. पण त्यांतील जेमतेम दहाच प्रत्यक्षात कारखान्यातून बाहेर पडले. उरलेले कपाटात गेले. याचा अर्थ ते टाकाऊ होते असा नव्हे. ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठीही पैसे मोजणे कंपनीला परवडत होते. ठोक रकमेच्या सौद्याचे हेच वैशिष्ट्य आहे. रक्कम एकदा हाती पडली की आपल्या कल्पनेचे पुढे काय होते यावर संशोधकाचा काही अधिकार राहत नाही. वस्तू विकली जावो की कुलुपात पडो, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मक्तेदारी टिकविण्यासाठी ज्ञान विकत घेऊन निजवून ठेवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात सांगण्यासाठी मिळणे कठीण.

दरम्यान ब्राउनिंगचे मन वेगळ्याच दिशेने धावू लागले होते. गोळी सुटताना नळीच्या तोंडातून जो वायू बाहेर पडतो, त्याने समोरचे गवत बाजूला लवते, हे १८८९ साली त्याच्या ध्यानात आले. दर गोळीमागे एवढी शक्ती फुकट जाते, तर तीच शक्ती बंदूक पुन्हा भरण्याच्या कामी का लावू नये, असा विचार त्याने केला. यातूनच वायूच्या दाबावर चालणारी मशिनगन जन्मली, आणि कोल्ट कंपनीने ती १८९५ च्या सुमारास बाजारात आणली. शिकारीच्या शस्त्रांसाठी मात्र त्याने धक्क्याच्या शक्तीचा उपयोग केला. अर्धस्वयंचलित शस्त्र म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकणे, नवे काडतूस नळीत सरकविणे आणि घोडा पुन्हा चढविणे ही कामे यंत्र आपण होऊन करते. चाप धरून ठेवला असता गोळ्यांचा वर्षाव करणाऱ्या स्वयंचलित शस्त्राहून ते यामुळेच भिन्न ठरते. अशा एका छऱ्यांच्या बंदुकीचे आणि एका रायफलीचे पेटंट ब्राउनिंगला ऑक्टोबर १९०० मध्ये मिळाले.

आपल्या बंदुकीचे मोल तो ओळखून होता. या वेळी त्याने ठोक रक्कम नाकारली आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने आजवर कोणालाही असा वाटा दिला नव्हता. बेनेट यांनी नकार दिला आणि एकोणीस वर्षांचे संबंध १९०२ मध्ये तुटले. ब्राउनिंगने रेमिंग्टन कंपनीकडे धाव घेतली. तेथे भेट होण्यापूर्वीच, ८ जानेवारी १९०२ रोजी, कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने अकस्मात मरण पावले. तेव्हा ब्राउनिंगने बंदुकीचा नमुना बरोबर घेऊन थेट युरोप गाठला. बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथे १८८९ मध्ये स्थापन झालेला फाब्रिक नास्योनाल हा कारखाना त्याची पिस्तुले आधीपासून बनवीत होता. त्याने रॉयल्टीची अट मान्य केली. इतकेच नव्हे, तर ब्राउनिंगने स्वतःच दहा हजार बंदुकांची मागणी नोंदविली. स्वतःच्या कल्पनेवर स्वतःच्या पैशाने विश्वास दाखविणारा संशोधक विरळाच! पुढे अमेरिकेच्या आयात जकातीमुळे बेल्जियमची बंदूक तेथे महाग पडू लागली, तेव्हा रेमिंग्टनने ती अमेरिकेत बनविण्यास घेतली. अर्धस्वयंचलित रायफलीचे हक्कही रेमिंग्टनकडेच गेले.

आता १९१० च्या सुमाराचे अमेरिकेतील दुकान डोळ्यांपुढे आणावे. एखादा शेतकरी किंवा कारकून हरणाच्या शिकारीसाठी आपली पहिली अर्धस्वयंचलित रायफल निवडण्यास तेथे शिरला आहे. पुढ्यात दोन मातबर नावे आहेत. एक रेमिंग्टनची १९०६ मध्ये आलेली रायफल, जिला पुढे आठ क्रमांक मिळाला. दुसरी विंचेस्टरची, १९०५, १९०७ आणि १९१० अशा तीन आवृत्त्यांतील. नावावर जायचे तर विंचेस्टरचे पारडे जड. पण आत काय आहे?

ब्राउनिंगची पेटंटे विंचेस्टरला बंद झाली होती. तेव्हा कंपनीचे संशोधक थॉमस जॉन्सन यांनी साधी वाट धरली. त्यांच्या रायफलीत नळीचा मागचा दरवाजा कुलूपबंद होत नसे. केवळ त्याच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने तो क्षणभर मिटलेला राही. या पद्धतीत भाग थोडे आणि रचना सुटसुटीत. परंतु काडतूस जितके जोरकस, तितका तो ठोकळा जड करावा लागे. त्यासाठी रायफलीच्या पुढच्या लाकडातही लोखंडाचे वजन दडवलेले असे. शिवाय काडतुसाच्या जोराला ठराविक मर्यादा पडे, आणि ही काडतुसे त्या त्या रायफलीसाठीच खास काढलेली असत. उलट रेमिंग्टनमधील ब्राउनिंगच्या रचनेत गोळी नळीबाहेर पडेपर्यंत दरवाजा दात्यांनी पक्का अडकलेला असे. नळी आणि दरवाजा एका आवरणाच्या आत दोघे मिळून मागे येत, मग दरवाजा सुटा होई. त्यामुळे अधिक जोरकस काडतूस निर्धास्तपणे वापरता येई, आणि रायफलीचे दोन तुकडे करून ती प्रवासात नेता येई. मात्र भाग अधिक, रचना गुंतागुंतीची, आणि नळी मागेपुढे होत असल्याने गोळीबाराचा अनुभवही चमत्कारिक.

म्हणजे दोहोंत एक सर्वस्वी चांगली आणि दुसरी सर्वस्वी वाईट असे नव्हते. सुज्ञ गिऱ्हाइकाने विचारावयाचे प्रश्न मात्र नावाच्या पलीकडचे होते. दरवाजा कुलूपबंद होतो की नाही? काडतूस आपल्या गावच्या दुकानात मिळते काय? साफसफाईसाठी रायफल स्वतः उघडता येते काय? भरलेली आहे की रिकामी, हे सहज पाहता येते काय? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. विंचेस्टरने १९११ मध्ये छऱ्यांची अर्धस्वयंचलित बंदूक काढली, तेव्हा ब्राउनिंगच्या पेटंटामुळे तिला नेहमीची मूठ बसविता येईना. ती सज्ज करण्यासाठी खुद्द नळीच हाताने धरून मागे ओढावी लागे. दस्ता जमिनीवर टेकवून आणि तोंड नळीसमोर आणून हे करणाऱ्यांच्या वाट्याला भीषण अपघात आले. नाकारलेल्या रॉयल्टीची किंमत अशी शेवटी गिऱ्हाइकाला मोजावी लागली.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे, रेमिंग्टनची हीच रायफल हेर्स्तालचा कारखानाही आपल्या नावाने विकत होता. एकच यंत्र, नावे दोन. बेल्जियमच्या आवृत्तीची संख्या पाच हजारांच्याही आत राहिली, तर अमेरिकेची ऐंशी हजारांच्या घरात गेली. बारीक ०.२२ इंची काडतुसांच्या रायफलीबाबतही तेच घडले. ब्राउनिंगची हलकी अर्धस्वयंचलित रायफल हेर्स्तालने १९१४ मध्ये काढली आणि रेमिंग्टनने १९२२ मध्ये आपल्या नावाने. विंचेस्टरची १९०३ ची रायफल त्याआधीची खरी. पण तिला सर्वत्र मिळणारे काडतूस चालत नसे. नवशिक्याच्या दृष्टीने हा मोठाच दोष. ज्याला नेमबाजी शिकायची आहे त्याला स्वस्त आणि सुलभ काडतूस हवे असते, नावाचा दबदबा नव्हे.

ब्राउनिंगच्या चरित्राला काळी बाजू नाही असे नाही. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ज्या पिस्तुलाने ऑस्ट्रियाच्या युवराजाचा वध केला, ते हेर्स्तालमध्ये बनलेले ब्राउनिंगच्याच रचनेचे होते. त्यानंतर भडकलेल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्याच्याच मशिनगना आणि स्वयंचलित रायफली तिच्या सैन्याच्या हाती आल्या. शिकारीची रायफल आणि रणांगणावरचे शस्त्र एकाच डोक्यातून निघाले, हे वास्तव त्याच्या चाहत्यांनीही झाकू नये. ज्या माणसाने व्यापाऱ्याकडे वाट्यासाठी हट्ट धरला, त्याने सरकारकडून मात्र साडेसात लाख डॉलरची ठोक रक्कम स्वीकारली, हेही नमूद केले पाहिजे. रॉयल्टी मागितली असती तर याच्या कित्येक पट रक्कम त्याला मिळाली असती. हक्क कोठे मागावा आणि कोठे सोडावा, याचे त्याचे गणित निव्वळ लोभाचे नव्हते.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कचेरीत, हृदयक्रिया बंद पडून तो मरण पावला. वय एकाहत्तर, नावावर १२८ पेटंटे. अपुरे राहिलेले त्याचे पिस्तूल दियुदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्याने १९३५ मध्ये पूर्णत्वास नेले. आपल्या देशात ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले ९ मिलिमीटर पिस्तूल त्याच घराण्यातले. या कारागिराची बुद्धी आपल्यापर्यंत पोहोचली ती अशी, सैनिकाच्या कमरेला लटकून.

कंपन्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. १९३१ मध्ये विंचेस्टरचे दिवाळे वाजले आणि ती दुसऱ्या मालकाकडे गेली. न्यू हेवन येथील तिचा जुना कारखाना २००६ मध्ये बंद पडला. रेमिंग्टनने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी पुकारली. ब्राउनिंगच्या वारसांनी काढलेली कंपनी १९७७ मध्ये हेर्स्तालच्या कारखान्याने घेतली. आणि नियतीचा खेळ असा, की न्यू हेवनचा कारखाना बंद झाल्यावर विंचेस्टर हे नाव कोरलेल्या रायफली परवान्याने बनवून घेण्याचे काम याच ब्राउनिंग-हेर्स्ताल समूहाकडे आले. ज्या नावाने त्याला वाटा नाकारला, ते नाव आता त्याच्या घरात भाड्याने राहते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गिऱ्हाइकासाठी: कारखानदाराचे नाव हा गुणाचा पुरावा नव्हे, फार तर त्याची आठवण होय. नाव टिकते आणि त्यामागचा माणूस, कारखाना, देशसुद्धा बदलतो. म्हणून तुलना करावयाची ती रचनेची, दुरुस्तीच्या सोयीची आणि सुरक्षिततेची. दुसरी गोष्ट समाजासाठी. आपल्या विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि लहानसहान कारखान्यांत डोके चालविणारी माणसे कमी नाहीत. त्यांची कल्पना ठोक रकमेत विकत घेऊन कपाटात ठेवणारा उद्योग काही वर्षे नफा कमावील. त्यांना वाटा देणारा उद्योग पिढ्यान् पिढ्या जगेल. हे सौजन्याचे नव्हे, हिशेबाचे बोलणे आहे. आणि तो हिशेब ऑग्डेनच्या एका अल्पशिक्षित कारागिराने विंचेस्टरच्या मालकांपेक्षा अधिक अचूक मांडला होता.