पावसाळी दिवसाचा सोबती : वॉल्ट डिस्ने

आषाढातील एखादा दिवस असा उगवतो की, उजाडून गेले तरी घरात दिवा लावावा लागतो. कौलांवर पाऊस एकसारखा ताशा वाजवीत असतो, अंगणातून ओहोळ वाहू लागतात आणि शाळेला सुट्टी मिळाल्याची वार्ता येते. पहिला तास आनंदात जातो. मग अंगण नाही, मित्र नाही, आणि वीज कडाडली की धाकटी भावंडे आजीला बिलगतात. अशा वेळी भाजलेल्या आठळ्या पुढ्यात घेऊन सारे घर एखादा चित्रपट पाहावयास बसते आणि प्रश्न उभा राहतो की, आज पाहावे तरी काय? लहानांचा थरकाप उडू नये, मोठ्यांना कंटाळा येऊ नये आणि पाहून उठताना मनाला ऊब वाटावी, असे काही हवे असते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक नाव हटकून ओठांवर येते. ते म्हणजे वॉल्ट डिस्ने. त्यांच्या चित्रांत ही ऊब कोठून आली, हे जाणावयाचे असेल तर त्यांच्या आयुष्याकडे वळले पाहिजे.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. वडील एलायस यांचा स्वभाव करडा, आई फ्लोरा मात्र शांत आणि हसरी. पाच भावंडांत वॉल्टचा क्रमांक चौथा. तो पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा हे कुटुंब मिझुरी राज्यातील मार्सेलीन या खेड्यात शेती करण्यास गेले. तेथील झाडे, डुकरे, कोंबड्या, घुबडे आणि आगगाडीची शिटी ही त्याची पहिली शाळा होय. शेजारच्या एका डॉक्टरांच्या घोड्याचे चित्र काढल्याबद्दल त्याला बक्षीस मिळाले आणि आपल्या हातात काही आहे, याची त्याला प्रथम जाणीव झाली.

हे सुख फार काळ टिकले नाही. शेतीत यश आले नाही, वडील आजारी पडले, शेत विकावे लागले आणि कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आले. तेथे वडिलांनी वर्तमानपत्रे घरोघर पोहोचविण्याचे काम पत्करले व ते मुलांकडून करवून घेतले. वॉल्ट तेव्हा अवघा नऊदहा वर्षांचा होता. पहाटेच्या काळोखात उठावे, अंक वाटावेत, मग शाळेत जावे आणि शाळा सुटल्यावर पुन्हा सायंकाळचे अंक वाटावेत, असा क्रम त्याने सुमारे सहा वर्षे पाळला. थंडीत गुडघाभर बर्फ असे. एखाद्या इमारतीच्या उबदार वाटेत तो क्षणभर टेकला की तेथेच त्याचा डोळा लागे. या श्रमाचा मोबदला वडील त्याच्या हाती देत नसत. वर्गात डुलक्या घेणारा हा मुलगा वह्यांच्या समासांत मात्र चित्रे काढीत असे. बाहेर गारठा आणि आत एक उबदार कोपरा, हे चित्र त्याच्या मनावर त्या वर्षांत कोरले गेले असावे, असे मला वाटते. त्याच्या पुढील चित्रपटांत ते पुन्हा पुन्हा दिसते.

पहिले महायुद्ध चालू असताना, वय कमी असूनही जन्मतारखेत फेरफार करून तो रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका-दलात शिरला. फ्रान्सला पोहोचला तेव्हा युद्ध थांबलेले होते. १९१९ मध्ये परतल्यावर त्याने कॅन्सस सिटीत चित्रकाराची नोकरी धरली. तेथे त्याला अब आयवर्क्स हा त्याच्याच वयाचा अत्यंत कुशल चित्रकार भेटला. दोघांना हलत्या चित्रांचे वेड लागले.

विद्यार्थीमित्रहो, चित्र हलते कसे, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात आणि प्रत्येक चौकटीत किंचित फरक असला म्हणजे आपल्याला सलग हालचालीचा भास होतो. या हिशेबाने आठ मिनिटांच्या चित्रपटाला ११,५२० चौकटी लागतात. आपल्या दादासाहेब फाळके यांनीही १९१२ मध्ये कुंडीतील अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती. फाळक्यांचा अंकुर निसर्ग वाढवीत होता. कार्टूनपटात मात्र पानाची सळसळही माणसालाच काढावी लागते. यावरून या कामाला किती चिकाटी लागते, याची कल्पना यावी.

ही चिकाटी असूनही डिस्ने यांच्या पहिल्या संस्थेचे १९२३ मध्ये दिवाळे निघाले. अवघे ४० डॉलर जवळ घेऊन ते हॉलिवूडला आले. त्यांचे वडील बंधू रॉय तेथे क्षयाच्या आजारातून बरे होत होते. दोघा भावांनी मिळून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवी संस्था काढली. रॉय हिशेब पाहत आणि वॉल्ट स्वप्ने पाहत. ही जोडी आयुष्यभर टिकली, यातच त्यांच्या यशाचे निम्मे रहस्य आहे.

१९२८ साली दुसरा आघात झाला. त्यांनी लोकप्रिय केलेल्या ऑस्वाल्ड या सशावर कायद्याने त्यांचा हक्क नव्हता. वितरकाशी बोलणी फिसकटली तेव्हा तो ससा गेला आणि त्याच्याबरोबर बहुतेक चित्रकारही गेले. आयवर्क्स मात्र सोबत राहिला. या संकटातून मिकी माऊस हा उंदीर जन्मला. त्याचे प्रारंभीचे रेखाटन आयवर्क्सच्या हातचे होते आणि आवाज पुढे अनेक वर्षे स्वतः डिस्ने यांनी दिला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'स्टीमबोट विली' झळकला. चित्राशी काटेकोर जुळणारे संगीत आणि ध्वनी ऐकून प्रेक्षक थक्क झाले.

डिस्ने यांनी १९२४ च्या सुमारासच स्वतः चित्रे काढणे जवळजवळ सोडून दिले होते. आपल्यापेक्षा चांगले चित्रकार आपल्याजवळ आहेत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे खरे सामर्थ्य कथा सांगण्यात होते. १९३४ मध्ये एका संध्याकाळी त्यांनी आपल्या चित्रकारांना एकत्र बसविले आणि हिमगौरी व सात बुटके यांची कथा, राणीपासून बुटक्यांपर्यंत प्रत्येक पात्राचा अभिनय करीत, एकट्याने सांगितली. लोक तासभराहून अधिक काळ रेखाचित्रे पाहत बसतील, यावर चित्रपटसृष्टीतील अनेकांचा विश्वास नव्हता. खर्च सुमारे १५ लाख डॉलरांवर गेला आणि कर्ज काढावे लागले. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे 'स्नो व्हाइट' प्रथम दाखविला गेला तेव्हा बुटके हिमगौरीच्या उशापायथ्याशी रडू लागले आणि नाट्यगृहातील मोठी माणसेही डोळे पुसू लागली. पुढे या चित्रपटासाठी त्यांना एक मोठी आणि सात चिमुकल्या अशा ऑस्कर-मूर्ती देण्यात आल्या.

परंतु पावसाळी दिवसासाठी मला त्याच वर्षी थोडा आधी आलेला एक लघुपट अधिक प्रिय आहे. त्याचे नाव 'द ओल्ड मिल', म्हणजे जुनी पवनचक्की. अवघ्या नऊ मिनिटांच्या या चित्रात संवाद मुळीच नाही, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही तो नातवंडांइतकाच कळतो. एका पडक्या पवनचक्कीत पाखरे, उंदीर, घुबड आणि वटवाघळे वस्तीला असतात. रात्री वादळ उठते. छप्पर गळू लागते आणि घुबड त्रासून अंग चोरते. दोर तुटून चक्की फिरू लागते आणि चाकाच्या खाचेत घरटे केलेली पक्षीण अंड्यांवर पंख पसरून तशीच बसून राहते. पहाटे वादळ ओसरते तेव्हा घरट्यात पिले असतात. दृश्याला खोली यावी म्हणून काचेच्या निरनिराळ्या थरांवर चित्रे ठेवून वरून छायाचित्रण करणारा नवा कॅमेरा येथे प्रथम वापरला गेला आणि या लघुपटास ऑस्कर मिळाले. यंत्राची थोरवी आहेच. पण लहान मुलाच्या ध्यानात राहते ती जागची न हललेली पक्षीण.

यशाच्या शिखरावर असतानाच डिस्ने यांच्या घरावर दुःख कोसळले. आईवडिलांच्या विवाहाला ५० वर्षे झाली म्हणून दोघा भावांनी त्यांना हॉलिवूडजवळ घर घेऊन दिले होते. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीत बिघाड झाला, विषारी वायू खोल्यांत भरला आणि २६ नोव्हेंबर १९३८ रोजी आईचा अंत झाला. तिला सुख व्हावे म्हणून दिलेले घरच तिचा घात करून गेले. पुढील आयुष्यात वॉल्ट या विषयावर क्वचितच बोलले.

'डंबो' (१९४१) आणि 'बँबी' (१९४२) हे दोन्ही चित्रपट त्यानंतर पडद्यावर आले आणि दोन्हींत आईची ताटातूट आहे. 'बँबी'ची कथा एका कादंबरीतून घेतलेली होती आणि तिचे काम या मृत्यूच्या आधीच सुरू झाले होते, म्हणून एकाचे कारण दुसऱ्यात शोधणे योग्य नव्हे. तरीही 'बँबी'तील पावसाचे दृश्य पाहताना मन भरून येते. आधी पानावर एक थेंब, मग दुसरा, मग मेघांचा गडगडाट. पाडस दचकते आणि आईच्या कुशीत तोंड खुपसते. पुढे हीच आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते. ते मरण पडद्यावर दाखविलेले नाही. बर्फात हाक मारीत फिरणारे पाडस तेवढे दिसते. मग पिता येतो, हिवाळा सरतो आणि रान पुन्हा फुलते.

या धूसर रानाची चित्रशैली टायरस वाँग या चीनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने घडविली. त्याच सुमारास, १९४१ च्या मे महिन्यात, डिस्ने यांच्या चित्रशाळेत वेतन आणि श्रेयनामावली यांवरून मोठा संप झाला. हा संप डिस्ने यांनी मनाला लावून घेतला. संपकऱ्यांविषयीची कटुता त्यांच्या मनातून गेली नाही. संपानंतर वाँगलाही नोकरीवरून काढण्यात आले. थोर माणसाच्या चरित्रात ही बाजू झाकून ठेवू नये. पडद्यावर एकच नाव ठळक दिसे, परंतु त्यामागे शेकडो चित्रकार आणि पारदर्शक पत्र्यांवर शाई व रंग भरणाऱ्या कितीतरी स्त्रिया यांचे श्रम होते. 'डंबो'तील कावळ्यांच्या चित्रणात कृष्णवर्णीयांची टिंगल आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो रास्त आहे आणि तो प्रसंग पाहताना वडीलधाऱ्यांनी मुलांना समजावून सांगावा.

युद्धोत्तर काळात 'सिंड्रेला'ने (१९५०) संस्थेला पुन्हा उभारी दिली आणि १९५५ मध्ये डिस्नेलँड हे उपवन उघडले. आयुष्यभराच्या धूम्रपानाने मात्र आपला हिशेब चुकता केला. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टी पुरी होऊन दहा दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. त्यांनी जातीने लक्ष घातलेला अखेरचा कार्टूनपट 'जंगल बुक' पुढील वर्षी आला. मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या किप्लिंग यांची आणि रान आपल्या मध्य भारतातील. त्यातही अखेरीस मेघ गर्जतात, वीज पडते, पावसात निपचित पडलेला बाळू अस्वल मेला असे वाटून मोगली खिन्न होतो, आणि बाळू डोळे उघडतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीला निवड अशी करावी. अगदी लहान भावंडे असतील तर 'द ओल्ड मिल'ने आरंभ करावा आणि मग 'जंगल बुक' लावावा. 'स्नो व्हाइट'मधील राणीचे रूपांतर त्यांना भिववील. तो चित्रपट थोडे मोठे झाल्यावर पाहावा. 'बँबी' मात्र एकट्याने पाहू नये. शेजारी कोणी तरी वडीलधारे असावे. या सर्व चित्रांत वादळ आहे, ताटातूट आहे, अंधारही आहे; परंतु त्या अंधारात कोणी तरी जागे असते आणि त्याने लहानग्याला पंखाखाली घेतलेले असते. बर्फातून वर्तमानपत्रे वाटणाऱ्या त्या मुलाला अशा पंखाची किंमत ठाऊक होती. चित्रपट संपल्यावर दिवा मालवू नका. थोडा वेळ आजीजवळ बसा आणि तिच्या लहानपणीच्या एखाद्या मोठ्या पावसाची गोष्ट तिला विचारा.