चंद्राचे अंतर मांडणारे भास्कराचार्य

मांजरसुंब्याच्या घाटावरून रमजानचा चाँद शोधताना तो समोरच्या डोंगरामागेच असल्यासारखा वाटतो. तो खरा किती दूर, याचा हिशेब भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गाव विज्जडविड, काही अभ्यासकांच्या मते ते आजचे बीड. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात पृथ्वीचा व्यास सुमारे १,५८१ योजने आणि चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने दिले आहे. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६५ पट दूर. आजचे मोजमाप ६० पट सांगते.

सूर्याचा हिशेब मात्र चुकला. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, हे पूर्वीच्या आचार्यांचे गृहीतक त्यांनीही धरले. चंद्राची फेरी २७ दिवसांची, सूर्याची ३६५ दिवसांची. म्हणून सूर्य चंद्राच्या तेरापट लांब ठरला. प्रत्यक्षात तो जवळपास ३९० पट लांब आहे.

ही चूक असूनही त्यांचे गणित मागे पडले नाही. नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी ‘बीजगणित’ आणले.

पंचांगातली तिथी ज्या चंद्रावर ठरते, त्याच चंद्रावर रोजे आणि ईदही ठरते.