विश्लेषण : पाचगणीत शिकलेला फारोख ‘फ्रेडी मर्क्युरी’ कसा झाला? स्वतःबद्दल तो इतका गप्प का राहिला?

क्रिकेटचा सामना असो की कॉलेजचे गॅदरिंग, गर्दीने दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवली की पुढचे गाणे कुणाला सांगावे लागत नाही. ‘वी विल रॉक यू’ हे १९७७ मधले गाणे इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्यांनाही ओळखता येते. त्यातला आवाज फ्रेडी मर्क्युरीचा. तो गेला तेव्हा आज तिशीच्या आत असलेल्यांचा जन्मही झाला नव्हता. आमच्या पिढीला तो भेटला इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये. पेन ड्राइव्हमधून फिरणाऱ्या गाण्यांतून आणि ‘लाइव्ह एड’च्या व्हिडीओतून. तेव्हा आवडायचा तो मिशा, पांढरी बनियन आणि हातात अर्धा माइक स्टँड घेऊन मंच गाजवणारा फ्रेडी. तीच गाणी आता पुन्हा ऐकताना आणि त्याचे आयुष्य वाचताना मात्र दुसराच माणूस समोर येतो. कामात अत्यंत काटेकोर, स्वतःविषयी तितकाच अबोल.

फ्रेडीचे मूळ कुठले?

फ्रेडीचे जन्मनाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउनमध्ये. पूर्व आफ्रिकेजवळचे हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. वडील बोमी सरकारी नोकरीत रोखपाल, आई जेर. कुटुंब पारशी, मूळ गुजरातमधले. बुलसारा हे आडनाव बुलसार म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. धाकटी बहीण कश्मिरा १९५२ मध्ये जन्मली. घरात झरथुष्ट्री धर्माचे संस्कार होते आणि फारोखची नवजोतही झाली होती.

पाचगणीत काय घडले?

झांझिबारमधल्या पारशी घरांत मुलांना शिकायला भारतात पाठवण्याची पद्धत होती. वयाच्या आठव्या वर्षी फारोखला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये ठेवण्यात आले. आई-वडील समुद्रापलीकडे. दर सुट्टीत तिकडे जाणे शक्य नव्हते, त्यामुळे अनेक सुट्ट्या मुंबईत आजी आणि मावशी-आत्यांकडे गेल्या. पुढची सुमारे आठ वर्षे हेच त्याचे जग होते.

‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले. दुसरे टोपणनाव होते ‘बकी’, पुढे आलेल्या दातांवरून. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. पुढे पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत. तसे केल्यास आवाज बदलेल, ही भीती त्याला होती. शाळेत तो टेबल टेनिस चांगले खेळे, बॉक्सिंगही करी. पण खरी गोष्ट घडली पियानोपाशी. मुलाचा कान चांगला आहे हे शाळेच्या लक्षात आले आणि त्याची रीतसर शिकवणी सुरू झाली.

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. फ्रेडी पियानोवर असे. त्या पाचपैकी डेरिक ब्रांच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात जनरल झाला. म्हणजे जगभर गाजलेल्या या गायकाचा पहिला बँड लंडनमध्ये नव्हे, तर महाराष्ट्रातल्या एका थंड हवेच्या गावात उभा राहिला होता.

कुटुंबाने झांझिबार का सोडले?

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. त्याच डिसेंबरात बेट स्वतंत्र झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांचे बळी गेले. बुलसारा कुटुंबाने हाताशी आले तेवढे सामान घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या हिथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये संसार मांडला. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता.

त्याने विमानतळावर सामान उतरवण्यासारखी कामे केली, ईलिंग आर्ट कॉलेजमधून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरसोबत जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. ‘आयबेक्स’सारख्या छोट्या बँडमध्ये गायलाही लागला. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराच्या स्थलांतरितविरोधी भाषणाने ब्रिटन ढवळून निघाले होते. अशा वातावरणात १९७० च्या सुमारास फारोख बुलसाराने कायदेशीररीत्या फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतले. त्यानंतर जन्मगाव, पाचगणी, पारशी घर या विषयांवर तो जाहीरपणे फारच कमी बोलला. घराशी नाते मात्र त्याने तोडले नाही. आई-वडिलांकडे त्याचे जाणे-येणे शेवटपर्यंत राहिले.

‘क्वीन’ बँड कसा उभा राहिला?

ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ बँडचा गायक १९७० मध्ये बाहेर पडला. त्या जागी फ्रेडी आला आणि बँडचे ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डिकन आल्यावर चौकडी पूर्ण झाली. चौघांच्या राशींची चिन्हे घेऊन बँडचे बोधचिन्ह फ्रेडीनेच काढले. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि वर फिनिक्स पक्षी.

या बँडचा एक पैलू इंजिनीअरिंगच्या मुलांना विशेष भावतो. मे खगोलभौतिकीत पीएचडी करत होता. ती त्याने अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये पूर्ण केली. त्याची गिटार त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनवली होती, तीही जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडापासून. डिकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने छोटा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला आणि तो क्वीनच्या अनेक ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. टेलर आधी दंतवैद्यकाचा आणि मग जीवशास्त्राचा विद्यार्थी. या तिघांत फ्रेडी एकटा चित्रकला शिकलेला. गाण्याचा आराखडा त्याच्या डोक्यात असे आणि तो प्रत्यक्षात उतरवायला अशी माणसे सोबत होती.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ इतके वेगळे का ठरले?

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेले हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे आहे. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालत, त्यामुळे हे वाजवणार कोण, असा प्रश्न कंपनीला पडला होता. गाण्याला ध्रुवपद नाही. सुरुवात संथ, मध्ये ऑपेरा, मग रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता.

ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचाच आवाज आहे. तेव्हा संगणकावर ध्वनिमुद्रण होत नसे. टेपवर २४ ट्रॅक असत. तिघे एक ओळ गात, तीच पुन्हा पुन्हा गात, मग अनेक ट्रॅक एकत्र करून एक-दोनवर आणत आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे थर चढवत. एवढ्याशा भागाला सुमारे तीन आठवडे लागले. टेप इतक्यांदा यंत्रावरून फिरली, की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजून ती आरपार दिसू लागली. हा सगळा आराखडा फ्रेडीचा होता.

त्याच्या वस्तूंचा लिलाव सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनमध्ये झाला, तेव्हा या गाण्याचे हस्तलिखित जगासमोर आले. त्यात खाडाखोड आहे, बदललेल्या ओळी आहेत आणि सुरुवातीला विचारात असलेले ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ हे नावही आहे. सहज सुचल्यासारखे वाटणारे हे गाणे किती घासूनपुसून तयार झाले, ते त्या कागदांवर दिसते. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

त्याच्या आवाजाबद्दल शास्त्र काय सांगते?

फ्रेडीचा आवाज चार सप्तकांत फिरायचा, असे सर्रास सांगितले जाते. २०१६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याची ध्वनिमुद्रणे तपासली. त्यांना तीन सप्तकांहून थोडा अधिक पल्ला आढळला. चार सप्तकांच्या दाव्याला दुजोरा मिळाला नाही. बोलण्याच्या आवाजावरून तो मुळात मध्यम-खर्जातला असावा, पण गायचा मात्र वरच्या पट्टीत, असेही त्यांनी नोंदवले. त्याच्या स्वरातले कंपन इतर गायकांपेक्षा वेगवान आणि काहीसे अनियमित होते. थोडक्यात, वेगळेपण पल्ल्यात कमी आणि आवाज वापरण्याच्या पद्धतीत जास्त होते.

‘लाइव्ह एड’ आधी बँडची स्थिती काय होती?

ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीविरुद्ध तेव्हा कलाकारांचा सांस्कृतिक बहिष्कार सुरू होता. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने बँडला दंड केला. स्वतः वांशिक हिंसेमुळे घर सोडावे लागलेला माणूस तिथे गायला, हा त्याच्या कारकिर्दीवरचा डाग आहे आणि चाहत्यांनी तो झाकण्याचे कारण नाही.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाले. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटे. क्वीनने नवी गाणी पुढे केली नाहीत. सगळ्यांना माहीत असलेली सहा गाणी नेमकी कापून बसवली आणि तालीम केली. समोर सुमारे ७२ हजार लोक होते आणि फ्रेडीने केवळ आलाप देत त्यांच्याकडून ते गाऊन घेतले. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला क्वीनसोबतचा त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. फ्रेडीसह क्वीनचा कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही.

चित्रपट आणि वास्तव यांत फरक काय?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ चा चित्रपट पाहून अनेकांची समजूत झाली, की ‘लाइव्ह एड’च्या आधीच फ्रेडीला आजार कळला होता आणि तो मरणाच्या छायेत गायला. प्रत्यक्षात एचआयव्हीचे निदान १९८७ चे मानले जाते, म्हणजे त्या मैफलीनंतर. त्यामुळे वेम्बलीतली ती वीस मिनिटे निरोपाची नव्हती. ती चोख तयारीची होती.

निरोपाचे काम पुढे झाले, तेही स्टुडिओत. निदानानंतर त्याने स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासोबत ‘बार्सिलोना’ अल्बम केला. क्वीनचा ‘इन्युएंडो’ १९९१ च्या सुरुवातीला आला. तोवर त्याला चालणेही जड जात होते. तरी तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू येथील स्टुडिओत जाऊन जमेल तेवढे गात राहिला. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे गायला तो परतलाच नाही. ते ब्रायन मेला गावे लागले.

आजार शेवटपर्यंत का लपवला?

त्या काळात एड्स म्हणजे मृत्यू आणि बदनामी हे समीकरण होते. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. ब्रिटनमधली सनसनाटी वृत्तपत्रे त्याच्या घराबाहेर छायाचित्रकार उभे करत होती. पूर्वीची प्रेयसी आणि आयुष्यभराची मैत्रीण मेरी ऑस्टिन, अखेरची वर्षे सोबत असलेला जोडीदार जिम हटन आणि बँडचे सहकारी यांनी मौन पाळले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. अंत्यविधी झरथुष्ट्री पद्धतीने झाला. ज्या घराबद्दल तो कधी बोलला नाही, त्याच घराच्या प्रार्थना अखेरीस म्हटल्या गेल्या.

आधी बोलला असता तर अनेक रुग्णांना धीर आला असता, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. तिच्यात तथ्य आहे. पण निदान सांगायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचाच असतो. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने न्यायालयाचा आदेश वगळता कुणावरही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. फ्रेडीच्या दारात जे चालले होते, त्यापासून सामान्य रुग्णाला वाचवणारी ही तरतूद आहे. त्याच्या सहकाऱ्यांनी २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीत स्मृती मैफल केली आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला.

फ्रेडी ‘आपला’ म्हणताना काय लक्षात घ्यावे?

पाचगणीत पियानो शिकलेला मुलगा म्हणून त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण आपला म्हणायचे तर तो पूर्ण घ्यावा लागेल. पुरुषांवरही प्रेम करणारा, एचआयव्हीसह जगलेला, निर्वासित म्हणून आलेला. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३७७ मधली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ६ सप्टेंबर २०१८ रोजी, त्याच्या ७२ व्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी तो पाचगणीतच राहिला असता, तर त्याचे खासगी आयुष्य गुन्हा ठरले असते.

आज एखाद्या होस्टेलमध्ये असाच एखादा मुलगा नावावरून, दातांवरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून चिडवला जात असेल. त्याला काय सांगायचे आणि काय स्वतःपाशी ठेवायचे हे ठरवता यावे आणि सांगितल्यावर त्याची खोली बदलली जाऊ नये. फ्रेडीचे गाणे मोठ्याने लावणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा गैर नाही.