डिशलीचे मेंढपाळ रॉबर्ट बेकवेल

उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात याकोबाने लाबानाची मेंढरे राखता राखता आपला कळप कसा वाढविला, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. सशक्त मेंढी कोणती व दुर्बळ कोणती, हे तो पुरते ओळखून होता. धंदा इतका जुना; तरी नर कोणता ठेवावा व कोणता काढून टाकावा याचा पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवून ज्यांनी एका देशाच्या कळपांचे रूप पालटले, अशांत इंग्लंडातील रॉबर्ट बेकवेल यांचे नाव प्रथम घेतात.

त्यांचा जन्म १७२५ साली लेस्टरशायर परगण्यात, लफबरो गावाजवळच्या डिशली येथे झाला. त्यांचे आजोबा व वडील त्याच जमिनीवर कूळ म्हणून राहिले, व बेकवेलही जन्मभर कूळच राहिले. सुमारे ४४० एकरांचे हे शेत दुसऱ्याच्या मालकीचे होते, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावी. तरुणपणी त्यांनी देशोदेशीची शेते पायांखाली घालून पाहिली, वडिलांच्या हाताखाली काम शिकले, आणि वडील थकल्यावर १७६० च्या सुमारास सगळा कारभार आपल्याकडे घेतला.

त्या काळी मेंढरू पाळीत ते मुख्यतः लोकरीसाठी. हाडे जाड, पाय लांब, व अंगावर मांस चढावयास तीन-चार वर्षे लागत. नर-माद्या एकाच कुरणात मोकळ्या सोडीत, त्यामुळे कोकरू कोणत्या एडक्याचे हे धन्यासही सांगता येत नसे. इकडे गिरण्या व खाणी यांच्याभोवती गावे वाढत होती व कष्टकरी लोकांस मांस हवे होते. बेकवेल यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, एडके निराळे बांधले आणि कोणती मेंढी कोणत्या नरास द्यावयाची हे स्वतः ठरवू लागले. हाड बारीक, पाठ रुंद, अंग पिंपासारखे गोल, आणि दोन वर्षांत कापण्याजोगे होईल असे जनावर त्यांस हवे होते. हवे तसे जनावर मिळाले म्हणजे ते त्याच्या जवळच्या नात्यातच पैदास करीत. ही गोष्ट पुष्कळांस अनुचित वाटली. परंतु एकदा हाती आलेला गुण बाहेरचे रक्त मिसळून ते हरवू देत नसत. त्यांच्या दिवाणखान्यात नामांकित जनावरांचे सांगाडे टांगलेले असत व मांसाचे तुकडे खारवून ठेवलेले असत. हाड किती कमी झाले, चरबी किती चढली, हे ते आजच्या जनावराशी ताडून पाहत. आठवणीवर त्यांचा भरवसा नसे.

परंतु त्यांची खरी युक्ती याहून निराळी होती. ते आपले उत्तम एडके विकीत नसत, मोसमापुरते भाड्याने देत. आरंभी एका एडक्याचे भाडे सतरा शिलिंग सहा पेन्स इतकेच मिळे. पण पैशापेक्षा मोठा लाभ असा की, एकाच नराची कोकरे अनेक गावांच्या निरनिराळ्या कळपांत जन्मत. बेकवेल त्या त्या शेतावर जात, कोकरे हाताने चाचपून पाहत, आणि ज्या एडक्याची संतती सर्वत्र चांगली उतरली त्यास पुढच्या मोसमी घरच्या मेंढ्यांसाठी परत आणीत. एडका दिसावयास कसा आहे यापेक्षा त्याची लेकरे कशी निपजतात, यावर त्यांनी त्याची पारख केली. आजही पैदाशीच्या शास्त्रात नराची परीक्षा याच मार्गाने करितात. पुढे दर वर्षी डिशलीस एडके पाहावयास लांबलांबचे शेतकरी जमू लागले. भाड्याने गेलेले एडके पायी न चालविता स्प्रिंग बसविलेल्या दुचाकी गाडीतून पाठवीत. १७८९ साली तर केवळ तीन एडक्यांचे १,२०० गिनी भाडे आले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, हे लक्षात घेता सतरा शिलिंगांपासून मजल कोठवर गेली ते दिसेल.

मुक्या जिवांशी त्यांचे वागणे फार ममतेचे असे. त्यांच्या गोठ्यातील लांब शिंगांचे प्रचंड बैल एखादा लहान मुलगा हातात बारीक छडी घेऊन वाटेल तिकडे नेई, हे पाहून पाहुणे थक्क होत. पराणीवाचून बैल हलत नाही असे म्हणणारे आमच्या खेड्यांत थोडे नाहीत. त्यांनी हे ऐकून ठेवावे.

बेकवेल यांनी लग्न केले नाही. बहीण हॅना हिने घर सांभाळले, आणि तो संसार काही लहान नव्हता. आठ वाजता न्याहारी, एक वाजता जेवण, नऊ वाजता रात्रीचे खाणे. साडेदहास चिलीम झाडावयाची व अकरा वाजता निजावयाचे. पाहुणा सरदार असो की शेजारचा शेतकरी, या वेळा बदलत नसत. रशियातून, फ्रान्समधून, जर्मनीतून लोक येत व सर्वांस त्याच पंक्तीस बसवीत. अंगात तपकिरी कोट, लाल जाकीट व पायांत उंच बूट, असा हा धिप्पाड गृहस्थ स्वतः त्यांस कुरणे, पाट व गोठे दाखवीत फिरे. आपल्या मते घरच्या कर्त्या माणसाविषयी लिहिताना हॅनासारख्या बहिणीस एका ओळीत उरकणे बरे नव्हे. पण तिच्याविषयी इतिहासाने फारसे राखून ठेवलेलेच नाही.

या अन्नछत्राचा व नित्य नव्या प्रयोगांचा खर्च अंगावर आला. १७७६ साली बेकवेल यांचे दिवाळे निघाल्याचे सरकारी गॅझेटात छापून आले. सर्व देश ज्यांचे कौतुक करितो त्यांचे नाव बुडीत ऋणकोंच्या यादीत यावे, आणि पायांखालची जमीनही स्वतःची नसावी! त्या वेळी कळप मोडला असता तर वीस वर्षांची निवड खाटकाच्या दारी गेली असती. पण शेत सुटले नाही व पैदासही थांबली नाही. वर सांगितलेली मोठी भाडी आली ती यानंतरच्या वर्षांत. १७८५ साली त्यांचा काळा घोडा लंडनमध्ये तिसऱ्या जॉर्ज राजास दाखविण्यात आला.

त्यांच्या कामात उणे नव्हते असे नाही. त्यांच्या मेंढरांची लोकर पूर्वीइतकी नावाजण्याजोगी राहिली नाही, मेंढ्यांस कोकरे कमी होत, आणि मांस इतके चरबीचे असे की श्रीमंतांच्या ताटी ते आवडेना. यावर, आपण थोरामोठ्यांसाठी नव्हे तर सर्वसाधारण लोकांसाठी मेंढरे वाढवितो, असे त्यांचे म्हणणे असे. आम्हांस ही तक्रार हलकी वाटते. पण दुसरी तशी नाही. उतारवयात त्यांनी व इतर पैदासदारांनी डिशली सोसायटी स्थापिली, आणि एडके कोणास द्यावे व कोणास देऊ नये याचे निर्बंध घातले. आपल्या पद्धतीची टिपणेही त्यांनी कधी छापली नाहीत. उलट हेही सांगितले पाहिजे की, उत्तरेकडील मॅथ्यू व जॉर्ज कली हे बंधू तरुणपणी डिशलीस राहून शिकून गेले. त्यांच्याच कळपांतून पुढे बॉर्डर लेस्टर ही जात झाली, आणि जॉर्ज कली यांनी १७८६ साली पशुपालनावर ग्रंथही लिहिला. पाहुण्यास ज्याने दार कधी लाविले नाही, त्याने कागदावर मात्र कुलूप घातले, हे कोडे आम्हांस उलगडत नाही.

१ ऑक्टोबर १७९५ रोजी डिशली येथे ते वारले. शेत व कळप यांचा कारभार भाचे हनीबोर्न यांच्याकडे गेला. १८५९ साली डार्विन यांनी आपल्या ग्रंथात बेकवेल यांच्या मूळ कळपातून निघालेल्या दोन कळपांची गोष्ट दिली आहे. बक्ली व बर्जेस या दोन पैदासदारांनी ते पन्नासांहून अधिक वर्षे बाहेरचे रक्त न मिसळता राखिले होते; तरी ते इतके निराळे दिसू लागले की दोन वेगळ्या जातीच वाटाव्यात. बेकवेल यांची मूळ लेस्टर जात आता थोडी उरली आहे. डिशलीच्या ज्या लहान चर्चमध्ये त्यांस पुरले, त्याचे छप्पर गेले असून भिंती तेवढ्या उभ्या आहेत.