गुणे मास्तरांनी मोजलेला श्वास : स्वामी कुवलयानंद



२१ जून जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर योग दिनाच्या सूचना येतात. सतरंज्या अंथरा, फोटो काढा, उपस्थिती भरा, लिंक भरा. मागच्या वर्षी आमच्या शाळेतही (पारनेर तालुक्यातली छोटी द्विशिक्षकी शाळा) सगळं रीतसर झालं. आसनं संपली, पोरं कंटाळली, म्हणून मीच एक स्पर्धा लावली. सगळ्यात जास्त वेळ श्वास कोण रोखून धरतंय, ते बघायचं. पोरांना असलं आवडतंच. गाल फुगवून, लाल तोंडं करून बसली सगळी. चौथीतली एक मुलगी हट्टाला पेटली आणि उठताना चक्कर येऊन खाली बसली. पाणी पाजलं, पाच मिनिटांत ती हसायलाही लागली. पण माझे हातपाय गार पडले होते.

संध्याकाळी तिचे आजोबा भेटले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, की बाई, श्वास कोंडून पोरांना नेमकं मिळतं काय? मी पटकन सांगून टाकलं, की शरीराला ऑक्सिजन जास्त मिळतो, ऊर्जा वाढते. घरी आल्यावर माझं मलाच वाटलं, श्वास रोखल्यावर ऑक्सिजन जास्त कसा मिळेल? डी.एड.ला असताना शारीरिक शिक्षणाच्या वहीत लिहिलेलं वाक्य मी न तपासता अकरा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

मग वाचायला लागले. वाचता वाचता जो माणूस सापडला तो स्वतः शिक्षकच निघाला. शंभर वर्षांपूर्वी त्याने हाच प्रश्न घेतला होता आणि उत्तर शोधायला सरळ दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्रापाशी गेला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोई गावातला. घर मराठी, वडील शिक्षक, परिस्थिती ओढग्रस्तीची. लोकांच्या मदतीवर शिक्षण करावं लागलं. आपल्या वर्गात अशी दोन-चार मुलं दरवर्षी असतात, वही नसते पण डोळे चमकत असतात. हा मुलगा १९०३ साली मॅट्रिक झाला तो संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवून. पुढे बडोदा कॉलेज. त्या काळात अरविंद घोष बडोद्यात शिकवत होते आणि टिळकांच्या विचारांनी तरुण पोरं भारली होती. गुण्यांवरही दोघांचा परिणाम झाला. लग्न करायचं नाही, आयुष्य देशकार्याला द्यायचं, असं त्यांनी तरुणपणीच ठरवलं.

बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळा होती. तिथे प्रोफेसर माणिकराव मुलांना लाठी, मल्लखांब, कुस्ती शिकवायचे आणि मोडलेली हाडंही बसवायचे. १९०७ ते १९१० ही तीन वर्षं गुणे त्यांच्या हाताखाली घडले. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. योगाकडे ते एखाद्या गुहेतून आले नाहीत, आखाड्याच्या तांबड्या मातीतून आले. शरीर म्हणजे काय, सांधा कसा फिरतो, दम कुठे लागतो, हे त्यांना अंगाने माहीत होतं.

पदवीनंतर ते शिक्षकी पेशात आले. खानदेशात अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत १९१६ पासून ते भारतीय संस्कृती शिकवत. पुढे तिथल्याच राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीची ती संस्था इंग्रज सरकारला खुपत होती. शेवटी ती बंद झाली. (जाता जाता सांगते, आपले साने गुरुजी १९२४ ला अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. एक मास्तर गेले, दुसरे आले. गावाचं नशीब बघा!)

या मधल्या काळात, १९१९ साली, त्यांना गुरू भेटले. नर्मदाकाठी मालसर इथे राहणारे परमहंस माधवदासजी. मूळचे बंगालचे, फार वृद्ध, हठयोगातले अधिकारी. मुंबईत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ काढणारे योगेंद्रजी हेही त्यांचेच शिष्य. माधवदासजींकडे गुण्यांनी आसनं, बंध, प्राणायाम, शुद्धिक्रिया शिकून घेतल्या. १९२१ मध्ये माधवदासजी गेले. म्हणजे सहवास जेमतेम दोन-अडीच वर्षांचा.

आता इथे थोडं थांबू या. गुरूंनी शिकवलं, शरीराला गुण आला, श्रद्धा बसली. बहुतेक माणसं इथे थांबतात आणि सांगत सुटतात. गुण्यांना मात्र एक गोष्ट टोचत राहिली. हे सगळं होतं ते कसं होतं? ग्रंथांत इडा, पिंगला, सुषुम्ना, प्राण, अपान अशा शब्दांत वर्णन आहे. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होते तेव्हा देहात काय काय घडतं त्याचं वर्णन आहे. ते अनुभवाच्या भाषेतलं आहे. डॉक्टरची भाषा वेगळी असते. या दोन भाषा एकमेकींना कळतात का, हे गुण्यांना पाहायचं होतं.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास ते बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात गेले आणि उड्डियान व नौली या दोन क्रियांचा क्ष-किरणांच्या मदतीने अभ्यास सुरू केला. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तो बाहेरच ठेवायचा आणि पोट आत-वर ओढून घ्यायचं. नौलीत पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरवायचे. बाहेरून सगळ्यांना दिसायचं ते एवढंच. आत श्वासपटल किती वर चढतं, आतडी कुठे सरकतात, हे क्ष-किरणांनी दाखवलं. योगक्रियेकडे प्रयोगशाळेतून पाहण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही काढलं. त्यात प्रयोगांची मांडणी, आकडे, आकृत्या असायच्या. आपल्या पारनेरकरांसाठी एक जोड देते. लोणावळ्याच्या शेजारीच मुळशी. तिथे १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटला होता आणि त्याचे सेनापती आपल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. दोघांच्या वयात जेमतेम तीन वर्षांचं अंतर. सह्याद्रीच्या एकाच कुशीत एक जण शेतकऱ्याच्या जमिनीसाठी तुरुंगात जात होता, दुसरा पोटातल्या हवेचा दाब मोजत होता.

दाब मोजण्याची गोष्ट खरंच मजेशीर आहे. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसतो, नौली करतो आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात वर चढतं. पंप नाही, पिचकारी नाही. मग पाणी चढतं कसं? परंपरेचं उत्तर अपान वायूचं होतं. गुण्यांनी आतड्यात नळी घालून ती दाबमापकाला जोडली आणि नौली करायला लावली. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला दिसला. सहावी-सातवीच्या मुलांना आपण पेन किंवा सिरिंजने शाई वर खेचून दाखवतो, तेच तत्त्व. या कमी दाबाला त्यांनी गुरूंच्या नावाने ‘माधवदास निर्वात’ असं नाव दिलं. गुरूंची आठवण प्रयोगाच्या निष्कर्षाला देणारा हा शिष्य मला फार आवडला.

आता माझ्या ऑक्सिजनकडे येते.

त्या काळीही सगळीकडे हेच सांगितलं जायचं, की प्राणायामाने शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो आणि म्हणून ताकद येते. कुवलयानंदांच्या हिताचंच होतं ते. विज्ञानाचं नाव, लोकांना पटणारं कारण. पण त्यांनी मोजलं आणि त्यांना तसं दिसलं नाही. प्राणायामात मिनिटाला होणारे श्वासच कमी होतात, त्यामुळे त्या वेळात घेतला जाणारा ऑक्सिजन नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त नसतो, असं त्यांच्या प्रयोगांतून निघालं. हे त्यांनी झाकून ठेवलं नाही, आपल्या प्राणायामावरच्या पुस्तकात स्पष्ट मांडलं. त्यांच्या मते प्राणायामाचं मोल श्वासातल्या बदलणाऱ्या दाबांत आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी हे ताडून पाहा. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे नेहमीच्या श्वासातलाही बराचसा ऑक्सिजन आपण न वापरता परत सोडतो. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. हंडा काठोकाठ भरलेला असताना वरून आणखी ओतून काय होणार! उलट भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं, गरगरतं. आमच्या मुलीने तर स्पर्धेआधी जोरजोरात आठ-दहा श्वास घेतले होते आणि वर दम कोंडून धरला होता.

आणखी एक नोंद सांगायलाच हवी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कोवूर बेहनन हे मूळचे भारतीय मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांकडे शिकले आणि परत जाऊन स्वतःवर प्रयोग केले. त्यांचं पुस्तक १९३७ चं. त्यांना काही प्रकारांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला, म्हणजे या बाबतीत गुरू-शिष्यांचे आकडे जुळले नाहीत. मोजमाप असंच असतं, पुन्हा पुन्हा करावं लागतं. बेहनन यांना आणखी एक गोष्ट आढळली. प्राणायामानंतर लगेच बेरजा करण्यासारख्या कामांचा वेग थोडा मंदावत होता. गणिताच्या पेपरच्या दहा मिनिटं आधी पोरांना प्राणायाम करायला बसवणाऱ्यांनी (मीही त्यातलीच!) हे वाचून ठेवावं.

ऊर्जेचा समतोल म्हणतात तो मग कशात? कुवलयानंदांनी सामान्य माणसाला सांगितलेली रीत बघा. नवशिक्याने कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, करायचंच नाही. नुसता पूरक आणि रेचक. आणि सोडण्याचा वेळ घेण्याच्या दुप्पट. चार आकड्यांत घेतला तर आठ आकड्यांत सोडायचा. ताण नको, धाप नको. चुकीच्या प्राणायामाने इजा होते, हे ते बजावून सांगत. मी स्पर्धा लावली होती नेमकी त्यांनी वगळलेल्या भागाची.

त्यांचं आपल्याशी, म्हणजे शाळांशी, असलेलं नातंही सांगितलं पाहिजे. तेव्हाच्या मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९३६ मध्ये त्यांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ आलं. एकट्याने करायची आसनं पटांगणात शंभर मुलांकडून आज्ञेवर, आकड्यांवर कशी करून घ्यायची, याचा विचार त्यात आहे. आज आपण योग दिनाला जे करतो त्याची एक वाट तिथून येते. त्यांनी योग कवायतीच्या रांगेत आणला हे चांगलं झालं की नाही, यावर माझं मन अजून ठरत नाही. प्रत्येकाचा श्वास वेगळा, मग सगळ्यांनी एका शिट्टीवर का घ्यावा? पण साठ पोरांपुढे एकटं उभं राहिल्यावर शिट्टीशिवाय चालतही नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मोठी माणसं त्यांच्याकडे येत. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हा आसनांबद्दल दोघांचा पत्रव्यवहार झाला. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली, ती पुढे चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हला आली. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय आणि १९६१ मध्ये रुग्णालय सुरू झालं. डॉ. विनेकरांबरोबर त्यांनी योगचिकित्सेवर लिहिलेलं पुस्तक १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य शिक्षण विभागाने छापलं. १८ एप्रिल १९६६ ला ते गेले, वयाच्या ८३ व्या वर्षी. योगमीमांसा आजही निघतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मी शिरूरमार्गे पुणे आणि पुढे लोकलने लोणावळा असं जाऊन कैवल्यधाम बघायचं म्हणतेय. कुणाला यायचं असेल तर कळवा.

तोवर वर्गात एक प्रयोग करून बघा. आम्ही गेल्या महिन्यात केला. मुलांना जोडीने बसवायचं. एकाने डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायचा आणि आणखी सावकाश सोडायचा. दुसऱ्याने त्याच्या मनगटावर नाडी धरायची. श्वास आत जाताना ठोके थोडे भरभर पडतात, सोडताना संथ होतात. लहान मुलांत हा फरक बोटांना चांगला जाणवतो. आकडे वहीत लिहायचे, मग जोड्या बदलायच्या. कोण जिंकलं हे विचारायचं नाही.

मागच्या वर्षी चक्कर आलेली ती मुलगी आता पाचवीला शेजारच्या गावातल्या शाळेत जाते. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून ती धाकट्या भावाबरोबर आमच्या वर्गात येऊन बसली होती. तिने आजोबांनाही बोलावून आणलं आणि त्यांची नाडी धरली. आजोबांच्या ठोक्यांत तिला काही फरक सापडेना. वय वाढलं की हा फरक कमी होत जातो, असं मी सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.