छात्रालयातील गुरुजी

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर नावाचे गाव आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली एक तरुण शिक्षक दाखल झाले. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे एके काळी खाऊनपिऊन सुखी होते; परंतु गुरुजींच्या लहानपणी घरात दारिद्र्य आले. त्यांचे शिक्षण दापोली, औंध, पुणे असे परक्या गावी, पुष्कळदा अर्धपोटी राहून झाले. ते असे दूर असतानाच १९१७ साली त्यांची आई वारली. अखेरच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो, हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही.

शाळेबरोबरच तेथील छात्रालयाचा कारभारही गुरुजींकडे आला. खेड्यापाड्यांतून शिकण्यासाठी आलेली मुले तेथे राहत. आईवाचून परक्या गावी दिवस कसे जातात, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते! शाळेची घंटा झाली, की इतर शिक्षकांचे काम संपे; गुरुजींचे खरे काम तेव्हा सुरू होई.

मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून जात. अंथरुणे तशीच पसरलेली, कंदिलांच्या काचा काजळलेल्या, मळके कपडे कोपऱ्यात पडलेले. गुरुजी कोणाला रागावत नसत. ते मुकाट्याने खोली झाडीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, काचा पुसून लख्ख करीत, कपडेही धुऊन टाकीत. परत आलेली मुले हे पाहून ओशाळत आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन केरसुणी हाती घेत. कोणी आजारी पडला, तर गुरुजी त्याच्या उशाशी बसून राहत. गरीब मुलांच्या फीसाठी त्यांचा पगार खर्ची पडे.

गुरुजींचा स्वभाव बुजरा होता. मोठ्या माणसांत ते संकोचत. पण मुलांमध्ये बसले, की त्यांची वाणी मोकळी होई. ते गोष्टी सांगत, थोरांची चरित्रे सांगत, कविता म्हणून दाखवीत. एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. मुलांना जगाची ओळख व्हावी, म्हणून त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकवून थकलेला हा शिक्षक मुले निजल्यावर लिहावयास बसे. देशातील घडामोडी, एखादी कथा, एखादे चरित्र असा मजकूर सकाळी मुलांच्या वाचनासाठी तयार असे. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक मात्र हक्काचे! पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे देशाची हाक, दुसरीकडे जीव लावलेली मुले. मुलांना देशभक्तांची चरित्रे सांगणाऱ्याला स्वतः मागे राहणे कसे शक्य होते? गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. धुळे, तिरुचिरापल्ली, नाशिक असे तुरुंग त्यांच्या वाट्यास आले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली.

तुरुंगातही त्यांची रात्रीची लेखणी थांबली नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. अमळनेरची मुले गुरुजींभोवती जमत, तसेच श्यामचे सोबती त्याच्याभोवती जमतात.

१९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे, म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिराची दारे उघडली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली आणि गावोगावी मुले गोष्ट ऐकण्यासाठी एकत्र बसू लागली.